मोटर चालू झाली की युएसबी सिरियल गायब, डीमेसेगमध्ये 'ईएमआय?' असं येतंय

द्राक्षबाग_निफाड
मंडळी मदत हवीये, थोडं लांबलचक आहे पण सगळं एकदाच लिहितो म्हणजे परत परत विचारायला नको. बागेत हवामानाचं छोटं स्टेशन बसवलंय, तापमान, आर्द्रता आणि पानाचा ओलावा मोजणारा सेन्सर, सगळं आरएस-४८५ वर (ए आणि बी अशा दोन तारांवरून लांबपर्यंत डेटा नेतात ते), त्यावर मॉडबसची भाषा, वेग ९६०० बॉड. वायर विहिरीजवळच्या मोटरच्या खोलीपर्यंत आणलीये, तिथं रास्पबेरी पाय ३ (छोटा लिनक्स कॉम्प्युटर, पुढे नुसतं पाय म्हणतो) आणि त्याला युएसबी ते ४८५ वाली ती बोटाएवढी स्टिक, आत सीएच३४० चिप. पायथनचा प्रोग्राम दर मिनिटाला वाचतो आणि फाइलीत टाकतो. गोडी छाटणी झालीये, डाऊनी रोगाचे दिवस आहेत, रात्री पान किती तास ओलं होतं त्यावर सकाळी फवारणी करायची का नाही ते ठरतं, आणि नेमका रात्रीचाच डेटा नसतो. सकाळी जाऊन बघावं तर पाय चालू, प्रोग्राम चालू, रीडिंग बंद. रीबूट केलं की सुरळीत.

डीमेसेगमध्ये, म्हणजे लिनक्सच्या कर्नलच्या नोंदींत, हे दिसतं, जसंच्या तसं मराठीत टाइप करतोय, फोनवर आहे:

युएसबी १-१-पोर्ट२: डिसेबल्ड बाय हब, ईएमआय?, री-एनेबलिंग
युएसबी १-१.२: युएसबी डिसकनेक्ट, डिव्हाइस नंबर ५
सीएच३४१-युएआरटी टीटीवाययुएसबी०: कन्व्हर्टर नाऊ डिसकनेक्टेड
युएसबी १-१.२: न्यू फुल-स्पीड युएसबी डिव्हाइस नंबर ६
सीएच३४१-युएआरटी कन्व्हर्टर नाऊ अटॅच्ड टू टीटीवाययुएसबी१

कर्नलच असं ओरडतोय म्हणजे ड्रायव्हर खराब आहे ना? पुतण्या म्हणतो चिप कंपनीच्या साइटवरून त्यांचा ड्रायव्हर उतरव आणि कंपाइल कर. करू का?

टर्मिनल_तात्या
नका करू. आधी कुठली ओळ कोण बोलतंय ते बघा. पहिली ओळ सीएच३४१ ड्रायव्हरची (तुमची सीएच३४० चिप चालवतो तो) नाहीच, ती हबच्या कोडची आहे. हबने पोर्ट स्वतःहून बंद केलं, वायर कुणी उपटली नाही, म्हणून कर्नल प्रश्नचिन्ह टाकून विचारतोय की बाबा हा विद्युत गोंगाट तर नाही ना. हे कर्नलच्या हबच्या सोर्समध्ये कॉमेंट म्हणून लिहूनच ठेवलंय, की शील्डिंग नीट नसलेली उपकरणं अशा गोंगाटाने हबकडून बंद पडतात म्हणून हा जुगाड करून ती परत चालू करतो, आणि निदान माउसच्या ड्रायव्हरबरोबर तरी हे चालतं. म्हणजे लिहिणाऱ्यालाच फार खात्री नव्हती. तुमच्या केसमध्ये परत चालू करूनही टिकलं नाही, पुढच्याच ओळीला डिसकनेक्ट.

तिसरी ओळ ड्रायव्हरची, पण ती नुसती बातमी आहे. डिव्हाइस गेलं म्हणून मी पण आवरलं, एवढंच.

आणि टीटीवाययुएसबी१ का झालं? तुमच्या पायथनने जुनं पोर्ट उघडंच धरलंय. शून्य नंबर मोकळा नाही, म्हणून परत आलेल्या स्टिकला पुढचा नंबर मिळाला. प्रोग्राम बसलाय मेलेल्या शून्यावर, डेटा येतोय एकवर. म्हणून रीबूटने 'सुरळीत' होतं.

अंबड_सेकंडशिफ्ट
भाऊ एकच विचारतो, ही घटना रात्री किती वाजता घडते? डीमेसेगला डॅश कॅपिटल टी लावा, खरी वेळ दिसेल. आणि तुमच्याकडे थ्री फेज लाइट कधी येते?

द्राक्षबाग_निफाड
थांबा बघतो.

द्राक्षबाग_निफाड
च्यायला. या आठवड्यात थ्री फेज रात्रीची आहे आणि लाइट आली की लगेच ती ओळ. मागच्या आठवड्यात दिवसाची होती तेव्हा दुपारी पडलंय. मोटरला ऑटो लावलाय, लाइट आली की आपोआप चालू होते, म्हणून तिथं कुणी नसतं आणि लक्षात पण आलं नाही. मथळा आत्ता बदलला, आधी नुसतं 'युएसबी सिरियल बंद पडतं' असा होता.

अंबड_सेकंडशिफ्ट
हेच. आमच्याकडे सीएनसीच्या शेजारी लॅपटॉप ठेवला की हेच व्हायचं, फक्त तिथं व्हीएफडी होता (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह), तुमच्याकडे डीओएल स्टार्टरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलने ओढला जाणारा मोठा स्विच. कॉइल सुटताना आणि कॉन्टॅक्ट बसताना जो झटका निघतो तो जिथून वाट मिळेल तिथून घुसतो. आता वाट शोधायची. वाटा तीन, एक पायचा पॉवर सप्लाय, दोन ४८५ ची लांब वायर जी अँटेना सारखी बसलीये, तीन सरळ हवेतून युएसबीच्या वायरमध्ये.

गोदाकाठ
पॉवर सप्लायचं आधी निकालात काढा, ते सगळ्यात स्वस्त आहे. मोटर चालू होताना व्होल्टेज बसतं, चार्जर मोबाइलचा असेल तर पायला ५ व्होल्ट पुरत नाही. पाय ३ ला ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की कर्नल 'अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड' लिहितो, ती ओळ आहे का? नसेल तरी व्हीसीजेनकमांड गेट अंडरस्कोर थ्रॉटल्ड मारा. ०एक्स० आलं तर ठीक. ०एक्स५०००० म्हणजे आत्ता ठीक आहे पण बूट झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं होतं. ०एक्स५०००५ म्हणजे आत्ता या क्षणाला पण कमी आहे.

आणि डीमेसेगमध्ये उणे ७१ किंवा उणे ३२ असे आकडे आहेत का ते पण सांगा, आमच्या लॅबमध्ये मुलं नुसतं 'एरर आला' म्हणून येतात, आकडा महत्त्वाचा असतो.

द्राक्षबाग_निफाड
ताई ०एक्स० आलं. अंडर-व्होल्टेजची ओळ नाही. चार्जर पायचाच आहे, ओरिजिनल. आकड्यांचं, हो, मधेमधे 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड, एरर उणे ७१' आहे. एकदा 'रीड बल्क कॉलबॅक, युआरबी स्टॉप्ड उणे ३२' असं पण दिसलं, त्यावेळी डिसकनेक्टची ओळ नव्हती तरी रीडिंग बंद.

टर्मिनल_तात्या
हे उणे ३२ वालं मजेशीर आहे, यावर जरा थांबतो कारण लोक इथंच फसतात.

उणे ७१ म्हणजे ईप्रोटो. होस्टने विचारलं आणि पलीकडून उत्तरच आलं नाही किंवा आलं ते वाचण्यालायक नव्हतं. ही युएसबीच्या तारेवरची गडबड, वायर, कनेक्टर, गोंगाट, पॉवर यापैकी काहीतरी. उणे ११० म्हणजे टाइमआउट. उणे १९ म्हणजे डिव्हाइसच नाही, ते डिसकनेक्टनंतर येणारच, त्याकडे बघूच नका.

उणे ३२ म्हणजे ईपाइप, एंडपॉइंट, म्हणजे डिव्हाइसच्या आतला डेटाचा रस्ता, स्टॉल झाला. युएसबी सिरियलच्या सामायिक कोडमध्ये वाचनाच्या युआरबीला (कर्नल डिव्हाइसकडे डेटासाठी पाठवतो ती मागणी) ईपाइप आला की तो एरर छापतो आणि ती युआरबी पुन्हा पाठवतच नाही. बास. पोर्ट जागेवर, टीटीवाययुएसबी० जागेवर, एलएसयुएसबीमध्ये (युएसबी उपकरणांची यादी दाखवणारी कमांड) स्टिक दिसते, पण वाचायला कुणी बसलेलंच नाही. पोर्ट बंद करून परत उघडलं की वाचन सुरू होतं. म्हणून प्रोग्रामात असं हवं की समजा पाच वेळा ओळीने उत्तर आलं नाही तर पोर्ट क्लोज कर, थोडं थांब, परत ओपन कर. बहुतेक लोक एक्सेप्शन पकडून नुसतं 'पास' लिहितात आणि त्याच मेलेल्या हँडलवर आयुष्यभर वाचत बसतात.

आता एक फरक नीट समजून घ्या. ४८५ च्या तारेवर नुसता बाइट खराब झाला तर कर्नल त्याबद्दल काहीही बोलत नाही, कर्नलला मॉडबस कळत नाही, सीआरसी एरर, म्हणजे डेटा तपासायचा आकडा जुळला नाही, तो तुमच्या पायथनमध्ये दिसतो. कर्नल बोलतोय म्हणजे गोंगाट स्टिक ओलांडून युएसबीच्या बाजूला आलाय.

मेनरोडचा_मावळा
एवढं सगळं करण्यापेक्षा विंडोजचा जुना लॅपटॉप ठेवा ना, काही प्रॉब्लेम येणार नाही.

अंबड_सेकंडशिफ्ट
विंडोज गप्प बसेल एवढंच, टुंग टुंग आवाज करून. झटका तोच बसणार.

नवशिका_सिडको
धाग्यात घुसतोय सॉरी, माझं पण सीएच३४० चंच आहे म्हणून. लॅपटॉपवर उबुंटू २२.०४, आर्डुइनो नॅनो लावला की एक सेकंद टीटीवाययुएसबी० येतो आणि जातो. मोटर वगैरे काही नाही, फ्लॅटमध्ये आहे. डीमेसेगमध्ये 'इंटरफेस ० क्लेम्ड बाय सीएच३४१ व्हाइल बीआरएलटीटीवाय सेट्स कॉन्फिग' असं काहीतरी. नवीन वायर आणली, दुसरा नॅनो आणला, तेच.

गोदाकाठ
तुझं पूर्ण वेगळं आहे, वायरीवर पैसे घालवू नकोस. बीआरएलटीटीवाय हा ब्रेल डिस्प्लेसाठीचा प्रोग्राम आहे, अंध वापरकर्त्यांसाठी. एका ब्रेल डिस्प्लेच्या आत हीच चिप आहे, आयडी पण तोच, १ए८६:७५२३. त्यामुळे तुझा नॅनो लावला की त्याला वाटतं ब्रेल डिस्प्ले आला आणि तो ड्रायव्हरच्या हातातून हिसकावून घेतो. सीपी२१०२ वाल्या ईएसपी३२ बोर्डांना पण असंच होतं, १०सी४:ईए६०.

नेटवर सगळे सांगतील बीआरएलटीटीवाय काढून टाक. तुझ्या एकट्याच्या लॅपटॉपवर काढलास तर चालेल. पण सामायिक मशीनवर, कॉलेजच्या वगैरे, सरसकट काढू नका, कुणाला तरी तो खरंच लागतो. युडेव्हच्या (उपकरण लावल्यावर काय करायचं ते ठरवणारा प्रोग्राम) रूल्समध्ये ८५-बीआरएलटीटीवाय नावाची फाइल आहे, तिची कॉपी ईटीसीमधल्या युडेव्ह रूल्स फोल्डरात त्याच नावाने ठेव आणि तेवढ्या आयडीची ओळ कॉमेंट कर. ईटीसीतली फाइल वरचढ ठरते, आणि अपडेट आलं तरी तुझा बदल पुसला जात नाही.

नवशिका_सिडको
झालं ताई!! दोन नॅनो झालेत आता, कुणाला हवा असेल तर कॉलेज रोडला देऊ शकतो.

टर्मिनल_तात्या
निफाडकर, तुमची वाट शोधायची टेस्ट सांगतो. स्टिक पायला लावलेलीच राहू द्या, फक्त तिच्या ए आणि बी च्या तारा स्क्रू ढिला करून काढा, तिसरी ग्राउंडची असेल तर ती पण. दुसऱ्या खिडकीत जर्नलसीटीएल डॅश के डॅश एफ चालू ठेवा म्हणजे कर्नलच्या ओळी येतील तशा दिसतील. आता मोटर चालू बंद करा, पण लगेच लगेच नको, मोटरला दम खाऊ द्या. ओळ आली नाही तर झटका ४८५ च्या तारेतून येतोय. आलीच तर पॉवर किंवा हवेतून.

द्राक्षबाग_निफाड
केलं. पुतण्याला स्टार्टरजवळ उभं केलं, मी स्क्रीनसमोर. ए बी काढल्यावर काहीही नाही, मोटर चालू, बंद, चालू, शांत. तारा परत जोडल्या आणि पहिल्याच बटणाला हब, ईएमआय, डिसकनेक्ट, सगळी वरात. तार आणताना मोटरच्या केबलच्याच पाइपातून ओढलीये, खोदायचं वाचलं म्हणून. विहिरीपासून बागेच्या टोकापर्यंत दोन्ही शेजारी शेजारी.

अंबड_सेकंडशिफ्ट
मिळाली वाट. ऑर्डर अशी ठेवा.

पाइप वेगळा करा, हे पहिलं, बाकी सगळं यानंतर. थ्री फेजच्या केबलपासून जमेल तेवढं लांब, आणि कुठं ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडा. तार ट्विस्टेड पेअर शील्डेड घ्या, शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. आत्ता काय वापरलंय?

द्राक्षबाग_निफाड
टेलिफोनची होती पडून.

अंबड_सेकंडशिफ्ट
जोडी पिळलेली असेल तर अगदी वाईट नाही पण शील्ड नाही ना. बदला.

दुसरं, ती स्टिक आयसोलेटेड नाही. आयसोलेटेड कन्व्हर्टर घ्या, म्हणजे ४८५ ची बाजू आणि युएसबीची बाजू यांच्यात तांब्याची सलग वाटच राहत नाही. महाग असतो, पण पाय जळण्यापेक्षा बरा. आणि पावसाळ्यात उघड्या माळावर ती तार वीज पडल्यावर काय काय घेऊन येईल सांगता येत नाही, त्यामुळे तारेच्या तोंडाशी ४८५ चा सर्ज अरेस्टर पण बसवाच.

तिसरं, कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर सर्ज सप्रेसर. तो कॉन्टॅक्टर कंपन्यांचाच तयार मिळतो, तुमच्या कॉइलचं व्होल्टेज बघून घ्यायचा. शेतातल्या स्टार्टरची कॉइल बऱ्याचदा सरळ दोन फेजवर असते, ४१५ वाली, तिथं पुतण्याला हात घालू देऊ नका, वायरमनकडून करून घ्या.

सातपूर_टूलरूम
चांगला धागा चाललाय म्हणून माझं पण टाकतो. जुना मोजमापाचा गेज आहे, युएसबी वाला, लिनक्सने ओळखला नाही म्हणून कुठल्यातरी ब्लॉगवर वाचून युएसबीसिरियल मॉड्यूलला व्हेंडर आणि प्रॉडक्ट नंबर देऊन लोड केलं. पोर्ट आलं. पण कर्नल म्हणतो हा जेनेरिक ड्रायव्हर फक्त टेस्टिंग आणि एखाददुसऱ्या प्रोटोटाइपसाठी आहे, लिनक्स-युएसबीच्या मेलिंग लिस्टला कळवा. आणि पोर्टवरून येतं ते सगळं चायनीज. दुर्लक्ष करू का?

टर्मिनल_तात्या
नको, ही वॉर्निंग शब्दशः खरी आहे. जेनेरिक ड्रायव्हर फक्त बाइट आत बाहेर करतो. बॉड रेट सेट करायची कमांड प्रत्येक चिपची वेगळी असते आणि ती जेनेरिकला येत नाही, म्हणजे तुम्ही प्रोग्रामात ९६०० लिहा का १,१५,२०० लिहा, चिपला कुणी सांगतच नाही. म्हणून कचरा येतोय.

गेज उघडता आला तर आतली चिप बघा. एफटीडीआय असेल, आणि जुन्या गेजांमध्ये बऱ्याचदा तीच असते, फक्त कंपनीने स्वतःचा आयडी टाकलेला असतो, तर युएसबीसिरियल काढा, एफटीडीआय-एसआयओ लोड करा आणि सिसएफएसमध्ये, म्हणजे स्लॅश सिस फोल्डरात, बस, युएसबी-सिरियल, ड्रायव्हर्स, एफटीडीआय-एसआयओ या फोल्डरात न्यू-आयडी नावाची फाइल आहे तिच्यात दोन्ही नंबर मधे स्पेस देऊन इको करा. लगेच पकडेल. चाललं तर खरंच मेल टाका लिस्टवर, एलएसयुएसबीचं डॅश व्ही वालं आउटपुट जोडून. युएसबी सिरियलचा मेंटेनर योहान होवोल्ड आहे, आयडी वाढवायचा पॅच एका ओळीचा असतो आणि पुढच्या माणसाला हे सगळं करावं लागत नाही.

सातपूर_टूलरूम
एफटीडीआयच निघाली. पण वाचलं होतं की नकली एफटीडीआय कंपनीच मारून टाकते?

गोदाकाठ
ते २०१४ चं. कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरच्या एका अपडेटने नकली चिपांचा प्रॉडक्ट आयडी शून्य करून टाकला होता, खूप बोंबाबोंब झाली. लिनक्सने उलट तो शून्य आयडीच ड्रायव्हरच्या यादीत घातला, म्हणजे तिकडं मेलेलं इकडं चालायचं. तुमच्या गेजमध्ये कंपनीचाच आयडी आहे म्हणजे नकलीचा संबंध नसावा.

सातपूर_टूलरूम
रीडिंग आलं, मायक्रॉनपर्यंत बरोबर. मेल रविवारी टाकतो.

द्राक्षबाग_निफाड
इकडचं अपडेट. वेगळी चारी खणून नवीन तार टाकली, आयसोलेटेड कन्व्हर्टर मागवला होता तो पण आला, सप्रेसर वायरमनने बसवला. हबची ओळ आता नाही, लाइट कधीही येवो. पण पायथनमध्ये मधून मधून सीआरसी एरर दिसतोय, आधी हे लक्षात आलं नव्हतं कारण आधी सगळंच बंद पडायचं. कर्नल गप्प आहे.

टर्मिनल_तात्या
कर्नल गप्प म्हणजे आता भांडण फक्त ४८५ च्या तारेवर राहिलं. टर्मिनेशन बघा, म्हणजे तारेच्या टोकाला सिग्नल परत फिरू नये म्हणून लावतात ते, १२० ओहमचा रेझिस्टर तारेच्या दोन टोकांना, फक्त दोनच, प्रत्येक सेन्सरला नाही. काही कन्व्हर्टरमध्ये तो जंपरने आधीच लावलेला असतो, मोजून बघा, पॉवर बंद करून ए आणि बी मध्ये साधारण ६० ओहम यायला हवेत. ४० आले तर कुठंतरी तिसरा बसलाय. आणि सेन्सर एकामागून एक अशा ओळीत जोडा, चांदणीसारखे फाटे नकोत.

द्राक्षबाग_निफाड
४० च येतायत. शोधतो.

नवीन कन्व्हर्टरमध्ये सीपी२१०२ आहे, नंबर बदलायचं झंझट यात पण राहणारच का?

टर्मिनल_तात्या
सीपी२१०२ मध्ये सिरियल नंबर असतो, स्लॅश डेव्ह, सिरियल, बाय-आयडी या फोल्डरातलं नाव प्रोग्रामात द्या, आकडा काहीही होवो. सीएच३४० च्या बहुतेक स्टिकांमध्ये सिरियल नंबर नसतो, दोन लावल्या तर बाय-आयडीमध्ये एकमेकांवर चढतात, तिथं बाय-पाथ वापरायचं आणि कुठली स्टिक कुठल्या भोकात ते खडूने लिहून ठेवायचं. क्लोज आणि ओपनचं मात्र प्रोग्रामात ठेवाच.

सिन्नर_रातकिडा
माझ्याकडे नुसत्या ओळी नाहीत, 'कट हिअर' आणि खाली पानभर आकडे येतात, वर वॉर्निंग, सीपीयु, पीआयडी असं. हे पण वायरमुळे?

टर्मिनल_तात्या
हे वेगळं. ओळीवाले मेसेज म्हणजे ड्रायव्हर परिस्थिती सांगतोय. 'कट हिअर' म्हणजे कोडमध्ये जे कधीच व्हायला नको असं लिहिणाऱ्याला वाटलं होतं ते झालं. मशीन चालू राहतं, पण हा बहुतेक वेळा खरा बग असतो. त्याच पानात 'टेंटेड' (कर्नलमध्ये काही भेसळ आहे का ते सांगणारा) शब्द आहे का बघ, आणि पुढे ओ अक्षर आहे का.

सिन्नर_रातकिडा
टेंटेड, जी, ओ. सीएच३४० चा कंपनीचा ड्रायव्हर टाकलाय, गिटवरून.

टर्मिनल_तात्या
ओ म्हणजे कर्नलबाहेरचं मॉड्यूल. ते काढ, कर्नलमधला सीएच३४१ लोड होऊ दे, रीबूट कर आणि तेच परत करून बघ. त्याशिवाय रिपोर्ट टाकलास तर पहिलं उत्तर हेच येईल. नाहीच गेलं तर कट हिअरपासून एंड ट्रेसपर्यंत सगळं कॉपी करून इथं टाक, स्क्रीनचा फोटो नको, आणि कर्नलचं व्हर्जन लिही.

सिन्नर_रातकिडा
काढल्यावर नाही आलं अजून. रात्रभर चालवून सांगतो.

द्राक्षबाग_निफाड
तिसरा १२० सापडला, ओलाव्याच्या सेन्सरच्या बोर्डावर सोल्डर केलेला होता आणि तो मधेच जोडलाय. त्याला सोल्डरिंग गनने काढू का सेन्सर टोकाला नेऊ?

अंबड_सेकंडशिफ्ट
टोकाला न्या, आणि तिथं जो लावलाय तो काढा. बोर्ड कशाला जाळताय.